टेबलावरच्या एक्स-यूव्ही स्पंदांनी अतिजलद चुंबकत्व कसं मोजायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

निकेलच्या पातळ थरावर फेम्टोसेकंद (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा अब्जावा भाग) लेझरचा स्पंद पडला की त्याचं चुंबकन काहीशे फेम्टोसेकंदांत कोसळतं. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्गला बोरपेअर, बिगो आणि सहकाऱ्यांनी २० नॅनोमीटर जाडीच्या निकेलवर ६० फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी हे दाखवलं आणि या विषयाची सुरुवात झाली. त्यांनी दृश्य प्रकाश वापरला होता. दृश्य प्रकाशाला मिश्रधातूतलं लोखंड आणि निकेल वेगळं ओळखता येत नाही, आणि शंभर नॅनोमीटरचे चुंबकी डोमेनही (एकाच दिशेने चुंबकित झालेले छोटे भाग) त्याला दिसत नाहीत. १८ ते २४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्स-यूव्ही (टोकाच्या अतिनील) स्पंदांनी या दोन्ही अडचणी सुटतात. मूलद्रव्य शोषण-कडेवरून (ज्या ऊर्जेपासून ते प्रकाश एकदम जास्त शोषू लागतं तिच्यावरून) ओळखू येतं, आणि तरंगलांबी आखूड असल्यामुळे बारीक रचना विवर्तनात उतरते.

या प्रयोगात चुंबकत्वाचा संकेत म्हणजे दोन मोजमापांतला लहानसा फरक असतो. तसाच फरक गरम झालेला नमुना, हललेला झोत, कॅमेऱ्यावर विखुरलेला पंप-प्रकाश (नमुना उत्तेजित करणाऱ्या लेझर-स्पंदाचा, म्हणजे ‘पंपा’चा, प्रकाश) आणि कुरकुरणारा मॅग्नेटही निर्माण करतात. खालचा क्रम या तोतयांना एकेक करून बाजूला काढण्यासाठीच आहे. म्हणून एकही पायरी गाळू नका.

पायरी १: आधी कडा ठरवा, मग लेझर

लोखंडाची एम-कडा (अणूतल्या एम-कवचाची शोषण-कडा; एल-कडा त्याच्या आतल्या कवचाची) सुमारे ५३ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, कोबाल्टची ६० वर आणि निकेलची ६६-६७ वर. तरंगलांबीत सांगायचं तर अनुक्रमे २३.४, २०.७ आणि १८.७ नॅनोमीटर. एल-कडांवर चुंबकी फरक जास्त ठळक असतो, पण लोखंडाची एल-कडा ७०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, निकेलची ८५३ ला. तिथे टेबलावरच्या स्रोतातून पुरेसे फोटॉन मिळवणं अवघड असतं. सुरुवात एम-कडांवरच करा.

स्रोत म्हणजे उच्च हार्मोनिक निर्मिती: तीव्र लेझर वायूत सोडून त्याच्या वारंवारितेच्या पटींतला प्रकाश, म्हणजे हार्मोनिक, काढणं. ८०० नॅनोमीटरचा टायटॅनियम-सफायर लेझर, २५ ते ३५ फेम्टोसेकंदांचा स्पंद, एक ते काही मिलिज्यूल ऊर्जा आणि १ ते १० किलोहर्ट्झ आवर्तन एवढं असलं की काम होतं. स्पंद वायूत केंद्रित केला की फक्त विषम हार्मोनिक निघतात. दोन शेजारच्या हार्मोनिकांत ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर असतं. ३५ वा हार्मोनिक ५४ च्या जवळ येतो, ३९ वा ६० च्या आणि ४३ वा ६६.६ च्या. म्हणजे लोखंड, कोबाल्ट आणि निकेल हे तिघेही एकाच वर्णपटात, एकाच वेळी मोजता येतात. लोखंड आणि निकेल यांचं वेळेतलं अंतर मोजायचं असेल, तर या सोयीला तोड नाही. दोघांची शून्य वेळ (पंप आणि एक्स-यूव्ही स्पंद नमुन्यावर एकाच वेळी पोचतात तो क्षण) एकच असल्यामुळे शून्याची चूक या तुलनेत येतच नाही.

हार्मोनिकांची वरची मर्यादा काढायची रीत सोपी आहे: वायूची आयनीकरण-ऊर्जा अधिक ३.१७ गुणिले इलेक्ट्रॉनची दोलन-ऊर्जा. ८०० नॅनोमीटरला, प्रति चौरस सेंटिमीटर ३०० लाख कोटी वॅट तीव्रतेवर, दोलन-ऊर्जा सुमारे १८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. निऑनची आयनीकरण-ऊर्जा २१.६ आहे. बेरीज ७८ च्या आसपास जाते, म्हणजे निकेलपर्यंत पोचायला हवी तेवढी. अरगॉनमध्ये उजेड जास्त मिळतो, पण या कडांपर्यंत पोचताना तो दमतो. निऑन किंवा हेलियमच घ्या. निऑनमध्ये दिलेल्या ऊर्जेच्या दहा लाखांत एक भाग किंवा त्याहून कमी एका हार्मोनिकमध्ये उतरतो, हे ध्यानात ठेवून पुढचे सगळे आरसे मोजून-मापून लावा.

स्रोत जुळवताना एकूण उजेडाकडे पाहू नका, तुमच्या कडेजवळच्या हार्मोनिककडे पाहा. आधी झोताचा छिद्रपडदा लहान-मोठा करा, मग वायूची नळी केंद्रबिंदूच्या किंचित पुढे सरकवा, आणि शेवटी दाब (बहुतेकदा काही दशक मिलिबार) बदला. दाबापासून सुरुवात केली की खोट्या शिखरावर अडकायला होतं.

पायरी २: नमुना

पहिल्या प्रयोगासाठी परमअलॉय, म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड, याहून सोयीचं काही नाही. थर १० ते २० नॅनोमीटरचा ठेवा, खाली ३ नॅनोमीटर टँटलम आणि वर २-३ नॅनोमीटरचा संरक्षक थर. वरचा थर जाड केला तर एक्स-यूव्ही त्यातच अडकतो, आणि गाळला तर काही दिवसांत पृष्ठभाग गंजतो. आधार सिलिकॉनचा घ्या, काचेचा नको. कारण पुढे पंपाची उष्णता बाहेर काढायची आहे.

नमुन्यावरच २ मायक्रोमीटर आवर्तनाच्या पट्ट्या कोरल्या, तर तोच वर्णपटमापीचं काम करतो. ही युक्ती देखणी आहे. पण पंपाचा अवरक्त प्रकाशही त्या पट्ट्यांवरून विवर्तित होतो आणि कॅमेऱ्याच्या दिशेने जातो. नवख्यांनी सपाट थर आणि वेगळं ग्रेटिंग (प्रकाशाचा वर्णपट पसरवणारी रेघांची पट्टी) वापरावं.

पायरी ३: निर्वात, फिल्टर, कॅमेरा

एक्स-यूव्ही हवेतून जात नाही, त्यामुळे वायूच्या नळीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा सगळा मार्ग निर्वातात असतो. वायूच्या कक्षात दाब थोडा जास्त असला तरी चालतो. नमुना आणि कॅमेऱ्याच्या कक्षात मात्र मिलिबारच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जायला हवं. मधे अरुंद नळ्या आणि स्वतंत्र टर्बो-पंप लावून दाबाची उतरंड तयार करतात. निर्वात ढिला राहिला, तर आरशांवर कार्बनचा थर बसतो आणि आठवड्यागणिक उजेड उतरत जातो. असं झालं की लोक लेझरला दोष देतात.

अवरक्त प्रकाश अडवायला २०० नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम फिल्टर वापरतात. तो ७२.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच पारदर्शक आहे, आणि हीच त्याची मोठी सोय. वर्णपटात जिथे हार्मोनिक अचानक तुटतात, ती जागा ७२.७ ची. तिथून ३.१ च्या अंतराने मागे मोजत आलं की ऊर्जेची मापपट्टी तयार होते. फक्त १.५५ ला विषम आकड्यांनी गुणून मापपट्टी बनवू नका. वायूचं आयनीकरण वाढलं की हार्मोनिक थोडे वरच्या ऊर्जेकडे सरकतात.

हा फिल्टर फार नाजूक असतो. निर्वात करताना त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा उतरायला हवा. त्यासाठी फिल्टरला वळसा घालणारी झडप बसवा आणि पहिली काही मिनिटं निर्वात-पंप हळूच चालवा. बसवण्याआधी फिल्टर अंधारात तीव्र दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे चमकते ठिपके दिसले, तर त्या छिद्रांतून अवरक्त प्रकाश थेट कॅमेऱ्यावर येणार. यावर उपाय म्हणजे एकामागे एक असे दोन फिल्टर, कारण दोघांची छिद्रं एका रेषेत येणं दुर्मीळ असतं. प्रत्येक फिल्टर निम्म्याहून थोडं कमी-जास्त एवढंच एक्स-यूव्ही सोडतो, हेही हिशेबात धरा. केंद्रित अवरक्त झोत सरळ फिल्टरवर पडला तर तो जळतो. आधी अंतराने झोत पसरू द्या, किंवा अवरक्त गिळणारा आणि एक्स-यूव्ही परावर्तित करणारा आरसा मधे घाला.

कॅमेरा मागून प्रकाश घेणारा सीसीडी असतो. तो उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली थंड करतात, पण निर्वात चांगला झाल्यावरच, नाहीतर कक्षातली वाफ चिपवर गोठते. कक्षात हवा सोडण्याआधी तो पुन्हा खोलीच्या तापमानाला आणा. ६० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे १६ इलेक्ट्रॉन सोडतो. पिक्सेलमध्ये एक लाख इलेक्ट्रॉन मावत असतील, तर सहा हजार फोटॉनांत तो भरतो.

पायरी ४: आधी स्थिर संकेत

पंप बंद ठेवा. चुंबकन आपाती प्रतलाला (येणारा आणि परावर्तित झोत ज्यात असतात त्या प्रतलाला) काटकोनात, प्रकाशाचं ध्रुवण आपाती प्रतलात आणि आपाती कोन ४५ अंशांच्या जवळ, अशी ही आडव्या केर परिणामाची (चुंबकनामुळे परावर्तन बदलण्याची) मांडणी आहे. या तरंगलांबीला सगळ्याच पदार्थांचा अपवर्तनांक १ च्या आसपास असतो, म्हणून ब्रूस्टर कोन ४५ अंशांजवळ येतो. तिथे साधं परावर्तन अगदी क्षीण होतं आणि त्याच्या तुलनेत चुंबकी भाग उठून दिसतो. किंमतही मोजावी लागते: परावर्तित प्रकाश फारच थोडा उरतो. हार्मोनिकांचं ध्रुवण मूळ लेझरचंच असतं, त्यामुळे ते वायूच्या आधी अर्धतरंग-पट्टीने फिरवून ठरवा.

क्षेत्र एका दिशेला असताना तीव्रता मोजा, मग उलट दिशेला असताना. दोघींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की असममिती मिळते. कडेवर ती काही टक्क्यांपासून, कोन आणि नमुना जुळला तर त्याहून बरीच वर जाते. कडेपासून दूर ती शून्याकडे यायला हवी. परमअलॉयला पूर्ण संतृप्त करायला काही मिलिटेस्ला क्षेत्र पुरतं, पण नमुन्याच्या जागी हॉल-प्रोब ठेवून खात्री करून घ्या.

मग हे तपासा. क्षेत्र हळूहळू बदलत एका हार्मोनिकवरची असममिती काढा. तिचा आलेख हिस्टेरिसिसच्या फाशासारखा (क्षेत्र वाढवताना आणि उतरवताना वेगळ्या वाटेने जाणारा बंद वक्र) आला पाहिजे, आणि दृश्य प्रकाशाने मोजलेल्या फाशाशी त्याची रुंदी जुळली पाहिजे. त्यानंतर नमुन्याच्या जागी कोरा सिलिकॉन लावून तेच करा. इथे असममिती शून्य यायला हवी. आली नाही, तर मॅग्नेट नमुन्याचा धारक ओढतोय किंवा कॉइल गरम होऊन झोत सरकतोय. धारकातले पोलादी स्क्रू काढून पितळी किंवा टायटॅनियमचे लावले की पुष्कळदा हा रोग जातो. कोऱ्या सिलिकॉनवर शून्य आल्याशिवाय डिले-स्टेजला (पंपाची वेळ मागे-पुढे करणाऱ्या सरकत्या आरशांना) हात लावू नका.

किती फोटॉन लागतील? असममिती ५ टक्के असेल आणि तिच्यातला शंभरावा भाग ओळखायचा असेल, तर अनिश्चितता ०.०००५ हवी. केवळ मोजणीच्या गोंगाटाचा विचार केला, तर त्याला प्रत्येक हार्मोनिकमागे सुमारे ४० लाख फोटॉन लागतात. कॅमेऱ्याच्या एक-दोन चित्रांत ते मिळूनही जातात. खरा त्रास स्रोताच्या चढउताराचा असतो. हार्मोनिक निर्मिती अतिशय अरेषीय आहे, त्यामुळे लेझरमधली लहानशी डुगडुग उजेडात मोठी होऊन येते. क्षेत्राची दिशा काही सेकंदांनी पालटत राहा. अर्धा तास एका दिशेला आणि अर्धा तास दुसऱ्या दिशेला मोजलेल्या चित्रांची वजाबाकी कामाची नसते. जमलं तर नमुन्याच्या आधी झोताचा एक भाग संदर्भासाठी वेगळा काढा.

पायरी ५: पंप आणि शून्य वेळ

पंप म्हणजे त्याच लेझरचा थोडा भाग, डिले-स्टेजवरून वळवून आणलेला. स्टेज १ मायक्रोमीटर सरकली की वेळ ६.७ फेम्टोसेकंद बदलते. १५० मिलिमीटरच्या स्टेजवर एक नॅनोसेकंदाचा पल्ला मिळतो.

ऊर्जेचा हिशेब आधी कागदावर करा. झोताचा व्यास ५०० मायक्रोमीटर असेल, तर १० मायक्रोज्यूलच्या स्पंदाने केंद्रात प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १० मिलिज्यूल येतात. ४५ अंशांवर हा आकडा १.४ ने भागा, कारण ठिपका लांबट होतो. सुरुवात २-३ मिलिज्यूलवर करा आणि हळूहळू चढा. पंपाचा ठिपका प्रोबच्या, म्हणजे मोजणाऱ्या एक्स-यूव्ही झोताच्या, निदान तिप्पट हवा. लहान ठेवला तर प्रोब पंप न पडलेला भागही मोजतो, आणि चुंबकन खरोखर पडलं त्याहून कमी पडल्यासारखं दिसतं.

दोन झोतांतला कोन दिसतो त्यापेक्षा जास्त महाग पडतो. १०० मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर ५ अंशांचा कोन असेल, तर ठिपक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शून्य वेळ सुमारे २९ फेम्टोसेकंदांनी सरकते. कोन १ अंशावर आणला की ती ६ फेम्टोसेकंदांवर येते.

शून्य वेळ तीन टप्प्यांत शोधतात. पहिल्यांदा वेगवान फोटोडायोडने दोन्ही स्पंद ऑसिलोस्कोपवर एकावर एक आणा, याने काही दशक पिकोसेकंदांपर्यंत पोचता येतं. मग फिल्टर बाजूला घेऊन, लेझरची ऊर्जा पुष्कळ कमी करून, नमुन्याच्या जागी बीबीओ स्फटिक (दोन लेझर-स्पंद मिसळून दुप्पट वारंवारितेचा प्रकाश देणारा) ठेवा. हार्मोनिकांच्या वाटेनेच आलेला मूळ अवरक्त स्पंद आणि पंप यांच्या मिलनातून निळा ठिपका उमटतो, तिथे शून्य जवळपास सापडलं. शेवटचं बारीक शून्य नमुन्यातल्या चुंबकनाच्या घसरणीवरूनच ठरवायचं असतं. झोत एकमेकांवर आणायला सीरियम घातलेला याग स्फटिक बरा. तो एक्स-यूव्हीखाली चमकतो, आणि कक्षाच्या खिडकीतून साध्या कॅमेऱ्याने दोन्ही ठिपके बघता येतात.

हा वर्ग ४ चा लेझर आहे. जुळवणी करताना त्याच तरंगलांबीचे चष्मे, अंगठ्या-घड्याळं काढलेले हात आणि झोताच्या पातळीवर कधीही न येणारे डोळे, यात सूट नाही.

पायरी ६: मोजणी

प्रत्येक विलंबावर (पंप आणि प्रोब यांच्यातल्या वेळेच्या अंतरावर) चार चित्रं घ्या: क्षेत्राच्या दोन्ही दिशा, पंप चालू आणि बंद. त्याशिवाय दर काही वेळाने वायू बंद करून, पंप चालू ठेवून पार्श्वभूमी घ्या. या चित्रात काहीही दिसत असेल, तर तो विखुरलेला पंप-प्रकाश आहे आणि तो वजा करायलाच हवा. विलंबांचा क्रम पुढे-मागे किंवा यादृच्छिक ठेवा. एकच लांबलचक स्कॅन घेण्यापेक्षा झटपट स्कॅन पुन्हापुन्हा घ्या. मग खोलीचं तापमान बदलून शून्य सरकलं तरी प्रत्येक स्कॅन वेगळा सरकवून दुरुस्त करता येतो.

सगळ्यात उपयोगी चाचणी ऋण विलंबावर होते. प्रोब पंपाच्या एक पिकोसेकंद आधी येतो, तिथली असममिती पंप बंद असतानाच्या असममितीएवढीच हवी. ती कमी असेल, तर मागच्या स्पंदाची उष्णता पुढचा स्पंद येईपर्यंत निघून गेलेली नाही. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पटलावरच्या नमुन्यांत हे हमखास घडतं. आवर्तन कमी करा, पंपाची ऊर्जा उतरवा, किंवा क्षेत्र वाढवा म्हणजे चुंबकन वेळेत मूळ दिशेला परत येईल. दिवसाच्या शेवटी पंप बंद करून स्थिर असममिती पुन्हा मोजा. ती सकाळपेक्षा घटली असेल तर नमुना जळायला लागलाय, आणि त्या दिवसाचे शेवटचे स्कॅन बाजूला काढा.

पायरी ७: आलेख वाचताना

असममिती म्हणजे चुंबकन नव्हे. पंपामुळे इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलली की अपवर्तनांक बदलतो, आणि त्याने असममितीचा छेदही हलतो. म्हणून वजाबाकीबरोबर बेरीजही नेहमी छापा. बेरजेत पंपाबरोबर मोठा बदल दिसत असेल तर सावध व्हा. दोन-तीन अंशांच्या फरकाने दुसऱ्या कोनावर तेच मोजमाप करून पाहा. दोन्ही आलेख जुळले तर ठीक. नाही जुळले तर परावर्तनाचं पूर्ण गणित करून अपवर्तनांकाचा चुंबकी भाग वेगळा काढावा लागतो.

या बाबतीत लोह-निकेल मिश्रधातू हा उत्तम शिक्षक आहे. परमअलॉयमध्ये निकेल लोखंडाच्या सुमारे १८ फेम्टोसेकंद मागे पडतं, असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं. २०२० च्या सुमारास आणखी बारकाईने पाहिल्यावर, निकेलच्या कडेजवळच्या काही ऊर्जांवर असममिती पहिल्या काही दशक फेम्टोसेकंदांत वाढतानाही दिसली. पंपाचा प्रकाश लोखंड आणि निकेल यांच्यात स्पिन सरळ हलवतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून वर्णपटाच्या एकाच बिंदूवरून ‘निकेलचं चुंबकन’ असं लिहू नका. कोणत्या ऊर्जेवर, किती रुंदीत, कोणत्या कोनावर मोजलं ते आलेखाखालीच लिहा. घसरणीचा काळ देताना पंपाची शोषलेली ऊर्जाही द्या, कारण ती बदलली की तोही बदलतो.

पायरी ८: नॅनो-रचनेकडे

इथवर थराची सरासरी मोजली. डोमेन पाहायचे तर कोबाल्ट-प्लॅटिनम किंवा कोबाल्ट-पॅलॅडियमचे एकावर एक थर घ्या, नायट्राइडच्या २० ते ५० नॅनोमीटर पटलावर, आणि प्रकाश आरपार जाऊ द्या. नागमोडी डोमेनांचं आवर्तन १५० नॅनोमीटर असेल, तर २०.७ नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे ८ अंशांवर विखुरतो आणि ५० मिलिमीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्यावर ७ मिलिमीटर त्रिज्येचं कडं उमटतं. याला रेषीय ध्रुवण चालतं. मधला सरळ झोत मात्र अडवायलाच हवा. कड्याची तीव्रता चुंबकनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: चुंबकन २० टक्के पडलं तर कडं ३६ टक्के मंद होतं. हा वर्ग विसरून काढलेले निष्कर्ष अजूनही भेटतात.

प्रत्यक्ष चित्र हवं तर वर्तुळाकार ध्रुवण आणि एकच निवडलेला हार्मोनिक लागतो. मूळ लेझर आणि त्याची दुप्पट वारंवारिता, दोघेही उलट दिशांनी वर्तुळाकार फिरणारे, एकत्र वायूत सोडले की असे हार्मोनिक मिळतात. भूमिती आधी आकड्यांत मांडा. कॅमेरा ४० मिलिमीटरवर, पिक्सेल १३.५ मायक्रोमीटर, चिपची बाजू २७.६ मिलिमीटर, तर विभेदन सुमारे ३२ नॅनोमीटर येतं आणि नमुन्यावरची खिडकी (एका चित्रात मावणारा भाग) ३० मायक्रोमीटरपेक्षा मोठी ठेवता येत नाही. कॅमेरा जवळ आणला तर विभेदन सुधारतं आणि खिडकी आकसते. गटिंगनमध्ये २०२१ मध्ये याच वाटेने २० नॅनोमीटरच्या खाली पोचलेली फेम्टोसेकंद चित्रं घेतली गेली.

या चित्रांना लाखो स्पंदांची बेरीज लागते. म्हणजे प्रत्येक स्पंदानंतर नमुना तंतोतंत मूळ स्थितीत परतला पाहिजे. पंपानंतर डोमेन दरवेळी वेगळे बसत असतील, तर टेबलावरचा स्रोत त्यांचं धूसर सरासरी चित्रच देईल. हे ओळखायचं सोपं साधन म्हणजे पंप लावण्याआधीचं आणि नंतरचं स्थिर चित्र. दोन्हींत डोमेनच्या सीमा हललेल्या दिसल्या, तर एका स्पंदात चित्र घेणारा मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर लागेल: ट्रिएस्टचा फर्मी, हॅम्बुर्गचा फ्लॅश किंवा तशी दुसरी सुविधा. तिथे प्रयोगाची वेळ मागणाऱ्या अर्जासोबत ही दोन स्थिर चित्रं, नमुना किती ऊर्जेपर्यंत टिकतो त्याचे आकडे आणि टेबलावर मोजलेला घसरणीचा काळ जोडा.